बोलोन्याची फीत

‘कॅच-२२’ ही कादंबरी मला आवडली नव्हती. नुसती आवडली नव्हती असं नाही, तिचा राग आला होता. साताऱ्याला बँकेत नुकती लागले होते तेव्हाची गोष्ट. पुण्यात अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांच्या ढिगात ती सापडली. निळं मुखपृष्ठ, त्यावर हातपाय झाडणारी लाल आकृती, आणि मागच्या बाजूला कौतुकाची भली मोठी यादी. हसून हसून पुरेवाट होईल, असं ज्यानं त्यानं सांगितलेलं. मी हसले नाही. शंभरेक पानांतच नावांचा गलका झाला. कोण मेलाय, कोण अजून मरायचाय, कळेना. जो माणूस मागच्या प्रकरणात गेला तो पुढच्यात जेवायला बसलेला. तोच विनोद फिरून येतो, मग तोच प्रसंग दोन ओळी वाढवून पुन्हा येतो. लेखकाला संपादक भेटला नाही की काय, असं वाटायचं. (भेटला होता, आणि चांगला खमक्या होता. रॉबर्ट गॉटलिब त्याचं नाव.)

मराठी वाचकाला लढाई सरळ लागते. ‘कॅच-२२’ छापून आली १९६१ साली. त्याच्या दुसऱ्याच वर्षी आपल्याकडे ‘स्वामी’ आली. पुढे १९८८ मध्ये ‘पानिपत’. आम्ही त्या वळणाच्या पुस्तकांवर वाढलो. फौज मुक्काम-दरमुक्काम पुढे सरकते, रसद तुटते, संक्रांत येते, आणि शेवट पाठ असूनही आपण पान उलटत राहतो. मरणारा माणूस एकदाच मरतो आणि नीट मरतो. हेलरच्या कादंबरीत फौज जागची हलतच नाही. भूमध्य समुद्रात पियानोसा नावाचं इटलीचं एक छोटं बेट आहे. त्यावर अमेरिकन बाँबफेकी विमानांचा तळ आहे, असं हेलरनं कल्पिलंय. माणसं सकाळी उठतात, इटलीवर बाँब टाकतात आणि परत येतात. येतात ती येतात. योसारियन हा बाँब टाकणारा. त्याला घरी जायचंय. ठरलेली मिशनं पुरी झाली की घरी पाठवायचं असा कायदा आहे, पण कुणाची पुरी होत आली की कर्नल कॅथकार्ट आकडा वाढवतो. वेड लागलेल्याला विमानात चढवत नाहीत. पण त्यासाठी अर्ज करावा लागतो, आणि अर्ज करणारा शहाणा ठरतो, कारण मरणाला भिणं हे शहाणपणाचंच लक्षण. ही ती कलम बावीसची मेख. मेख पहिल्यांदा वाचली तेव्हा मजा वाटली. पाचव्यांदा समोर आली तेव्हा पुस्तक मिटलं. मग हट्टानं उघडून संपवलं आणि कपाटाच्या वरच्या फळीवर मागच्या रांगेत टाकलं.

न आवडलेलं पुस्तक पुन्हा वाचावं, असा सल्ला मी कुणाला देत नाही. बहुतेक वेळा पहिला निकालच खरा असतो. आणि कपाटात न वाचलेली पुस्तकं उभी असताना नावडत्याला दुसरी पंगत कशाला वाढायची? ‘कॅच-२२’ मी पुन्हा काढली ती पुस्तकाच्या ओढीनं नव्हे, माणगावमुळे.

मुंबई-गोवा रस्त्यावर माणगावला गाड्या तुंबतात, हे त्या रस्त्यानं जाणाऱ्या कुणाला सांगायला नको. अशाच एका कोंडीत खाली उतरून पाय मोकळे करताना नाईक यशवंत घाडगे यांचा पुतळा पाहिला. नाव ऐकलं होतं. साताऱ्याच्या शाखेत निम्मे पेन्शनर फौजी, त्यामुळे व्हिक्टोरिया क्रॉसवाल्यांची नावं कानावरून जात. पण तारीख कधी मनात बसली नव्हती. १० जुलै १९४४. ठिकाण इटली, टायबर नदीचं वरचं खोरं. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी बटालियन. घाडगे त्यांच्या तुकडीसह एका मोर्चावर चालून गेले आणि अगदी जवळून मशिनगन सुरू झाली. तुकडीतले बाकी सगळे मेले किंवा घायाळ झाले. उभे राहिले एकटे घाडगे. त्यांनी पुढे धावत जाऊन ग्रेनेड टाकला, मशिनगन आणि ती चालवणारा दोन्ही गप्प केले, टॉमीगननं तिथला आणखी एक टिपला. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता. मग बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्यानं मारलं. मोर्चा हातात आला, आणि तिथेच शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्या लागून ते गेले. वय बावीस.

गाडीत बसल्यावर डोक्यात फिरत राहिलं ते एवढंच, की १९४४ च्या इटलीबद्दल माझ्या घरात एकुलतं एक पुस्तक आहे आणि ते मला आवडत नाही.

जोसेफ हेलर त्या जुलैत एकवीस वर्षांचा होता. न्यू यॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या कोनी आयलंडचा, गरीब ज्यू घरातला मुलगा. कॉर्सिका बेटावरच्या तळावरून बी-२५ विमानात, काचेच्या नाकात बसून तो बाँब टाकायचा. एकूण साठ मिशनं त्यानं केली. त्या विमानांचं मुख्य काम पूल पाडणं. रस्त्यांचे पूल, रेल्वेचे पूल. उत्तरेकडून जर्मन सैन्याला येणारी रसद त्यांवरून जायची. म्हणजे वरून हेलरच्या सोबतचे लोक पूल पाडत होते, आणि ज्या जर्मन सैन्याचा दारूगोळा त्यामुळे अडत होता त्याच सैन्यासमोर खाली डोंगरांत कोलाबा, नगर, साताऱ्याकडची पोरं उभी होती. एवढी ओळख निघाल्यावर पुस्तक वरच्या फळीवर राहू देणं बरं दिसेना.

दुसऱ्या वाचनात आधी मी अडखळले ती बोलोन्यापाशी. पहिल्या वेळी हे प्रकरण मला निव्वळ पोरकट वाटलं होतं. बोलोन्या शहरावर हल्ला करायचा हुकूम येतो. तिथे विमानविरोधी तोफा भरपूर, म्हणजे अर्धे परत येणार नाहीत हे सगळ्यांना कळलेलं. पाऊस लागतो, मिशन रोज पुढे ढकललं जातं, आणि माणसं भिंतीवरच्या इटलीच्या नकाशासमोर उभी राहून एका लाल साटिनच्या फितीकडे बघत बसतात. दोस्तांचं पायदळ कुठवर पोचलंय ते ती फीत दाखवते. फीत बोलोन्याच्या पुढे सरकली तर शहर आपलं झालं, मिशन रद्द. माणसं फितीला मनातल्या मनात विनवतात, तिच्यावर चिडतात. शेवटी एका रात्री योसारियन उठतो आणि हातानं फीत उचलून बोलोन्याच्या वर लावतो. सकाळी सगळे आनंदी. मिशन रद्द. बोलोन्या जिंकल्याबद्दल एक जनरलसाहेब पदकही मागून घेतात.

आता जमिनीवरची हकिकत. ती फीत खरोखर सरकायला किती वेळ लागला? १९४४ च्या शरद ऋतूत दोस्त सैन्य अपेनाइन डोंगरांत, बोलोन्याच्या तोंडाशी येऊन अडलं ते अख्खा हिवाळा तिथेच. चिखल, बर्फ, नद्या. १९४५ च्या एप्रिलात पुन्हा हल्ला सुरू झाला. ९ एप्रिलला सेनियो नदीवर घाडग्यांच्याच रेजिमेंटच्या पहिल्या बटालियनचा शिपाई नामदेव जाधव कंपनीचा निरोप्या होता. संगमनेरजवळच्या निमजचा. दोन्ही काठांवर उंच बांध, बांधांत मशिनगनी, पुढे सुरुंग. त्याच्या सोबतचे जवळपास सगळे पडले. त्यानं दोन जखमींना एकामागून एक पाठीवर घेऊन, खोल पाण्यातून, बांध चढून, सुरुंगांतून सुखरूप मागे नेलं. मग परत जाऊन मशिनगनींचे तीन मोर्चे मोडले, बांधावर चढला आणि मराठ्यांची रणगर्जना करत बाकीच्यांना हात करून पलीकडे बोलावलं. त्यालाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला आणि तो जिवंत राहिला. १९८४ पर्यंत होता. बोलोन्या पडलं २१ एप्रिलला.

लाल फीत हातानं सरकवणं म्हणजे काय हे त्यानंतर मला वेगळं दिसलं. हेलर नकाशाची थट्टा करतो तेव्हा वरवर तो योसारियनच्या भित्रेपणाला हसतोय असं वाटतं. पण ज्याला फितीच्या खाली काय आहे ते माहीत आहे, त्याला ही चेष्टा सोसवत नाही. तळावर बसलेल्या प्रत्येकाला ते माहीत आहे, म्हणूनच तर ते फितीकडे देवाकडे बघावं तसे बघतात.

आणि मग स्नोडेन. पुस्तकाचा सगळा भार ज्याच्यावर आहे त्या पोराला पहिल्या वाचनात मी जवळजवळ ओलांडून गेले होते. त्याचं नाव चौथ्या प्रकरणात येतं, एका चावट प्रश्नात. पाचव्यात विमानातल्या इंटरकॉमवर गोंधळ: सहवैमानिक रडतोय, त्याला मदत करा, त्याला मदत करा. कुणाला? बाँबवाल्याला, तो बोलत नाही. बाँबवाला म्हणतो, मीच तो, मी धडधाकट आहे. मग त्याला मदत करा, म्हणून पुन्हा रडं. पहिल्या वेळी हा लेखकाच्या नेहमीच्या शाब्दिक कोलांट्यांपैकी एक वाटतो. पुढे मध्येच कुठेतरी योसारियन एका दफनविधीच्या वेळी अंगावर सूतही नसताना झाडावर बसलेला दिसतो. शेजारी त्याचा व्यापारी मित्र मायलो चढून येतो आणि चॉकलेटात बुडवलेला कापूस त्याला खायला देतो, कारण इजिप्तचा सगळा कापूस त्यानं विकत घेऊन ठेवलाय आणि आता तो खपत नाही. झाडावरचा नागडा माणूस आणि खाली प्रेतयात्रा! मी तेव्हा वहीत ‘अतिशय ओढून-ताणून’ असं लिहून ठेवलेलं आठवतं.

एकूण बेचाळीस प्रकरणं आहेत. एक्केचाळिसाव्यात तो सगळा प्रसंग पहिल्यांदा सलग येतो. फ्रान्समधलं आव्हिन्यों. तोफांच्या माऱ्यात सहवैमानिक घाबरून विमान खाली लोटतो, सावरतं, आणि मागच्या भागात स्नोडेन पडलेला सापडतो. मांडीला मोठी जखम. योसारियनला आधी मळमळतं, मग कामाला लागल्यावर हात स्थिर होतो. तो जखम साफ करतो, पावडर टाकतो, पट्टी बांधतो. पट्टी छान बसली म्हणून त्याला जरा समाधानही वाटतं. दुखणं थांबवायला औषधांची पेटी उघडतो तर मॉर्फीन गायब; मायलोनं ते उचललंय आणि त्या जागी स्वतःच्या कंपनीची स्तुती करणारी चिठ्ठी ठेवलीय. इथे मायलोचे सगळे विनोद एकदम उलटतात. स्नोडेन एवढंच म्हणत राहतो की त्याला थंडी वाजतेय, आणि योसारियन एवढंच म्हणत राहतो की होईल सगळं ठीक. मग त्याच्या लक्षात येतं की पोरगा हनुवटीनं काखेकडे खूण करतोय. चिलखती जाकीट सोडल्यावर कळतं की खरी जखम तिथे होती आणि आपण इतका वेळ भलत्याच जखमेला पट्टी बांधत होतो. पोटातलं सगळं बाहेर येतं. त्यात दुपारच्या जेवणातले टोमॅटो दिसतात. लेखक ते सोडत नाही, तेही लिहितो.

त्या रक्तानं भिजलेला गणवेश योसारियन पुन्हा अंगावर घालणार नाही. म्हणून तो झाडावर नागडा. ते दफन स्नोडेनचं.

हे कळल्यावर मी पुस्तक मागे उलटलं. चौथं प्रकरण, पाचवं, झाडाचं. एकही वाक्य बदललेलं नव्हतं आणि एकाही वाक्यावर हसू येत नव्हतं. ज्याला मी पुनरुक्ती म्हणत होते ती प्रत्येक फेरीला त्या विमानाच्या मागच्या भागाकडे एकेक पाऊल जवळ जात होती आणि दर वेळी दारातून परत फिरत होती. सरळ सांगितलं असतं तर हे वीस पानांत संपलं असतं. हेलरच्या स्वतःच्या विमानात, आव्हिन्योंवरच, ऑगस्ट १९४४ मध्ये सहवैमानिकानं असाच घाबरून ताबा घेतला होता आणि मागच्या गनरच्या मांडीत तुकडा घुसला होता. हेलरनं त्याला पट्टी बांधली. तो गनर वाचला. तोवर हे सगळं सिनेमासारखं वाटत होतं, हे लोक खरंच मला मारायला बघताहेत हे त्या दिवशी कळलं, अशा अर्थाचं त्यानं पुढे आठवणींत लिहिलंय. मिशनं संपल्यावर घरी तो बोटीनं गेला आणि नंतर कित्येक वर्षं विमानात बसला नाही. कादंबरी त्यानं १९५३ ते १९६१ अशी आठ वर्षं, जाहिरातीच्या नोकऱ्या करून संध्याकाळी लिहिली. (त्या बावीसमागे काही गूढ नाही. १९५५ साली पहिलं प्रकरण ‘कॅच-१८’ म्हणून छापूनही आलं होतं. पण लिऑन युरिसची ‘मिला १८’ त्याच सुमारास बाजारात येत होती म्हणून आकडा बदलला. कर्नल कॅथकार्टही आकडे असेच बदलतो.)

असं गोल गोल सांगणारा माणूस मी पाहिला होता. साताऱ्याच्या शाखेत एक म्हातारे हवालदार पेन्शनला येत. दुसऱ्या महायुद्धात इटलीत होते. पांढरं धोतर, वर जुना फौजी स्वेटर, डोक्याला पटका. नंबर लागेपर्यंत बाकावर बसून गोष्ट सांगायचे, आणि गोष्ट एकच. खेचर चिखलात रुतलं. चौघांनी ओढलं. “खेचर आलं भायेर बाई, पर माजं बूट तितंच ऱ्हायलं,” असं म्हणून स्वतःच आधी हसायचे. कधी खेचराचं नाव सांगायचे, ते एका सुभेदाराचं होतं. कधी बूट कितव्या नंबरचे ते सांगायचे. कधी चौघांची नावं. एकदा शेजारच्या टेबलावरच्या नव्या मुलानं विचारलं, “आजोबा, मग ते बाकीचे तिघं कुठल्या गावचे?” म्हातारे म्हणाले, “म्होरं नदी व्हती,” आणि पासबुक पुढे केलं. पुढल्या महिन्यात पुन्हा खेचर, पुन्हा बूट, पुन्हा हसू. ती गोष्ट विनोदी म्हणूनच आमच्या शाखेत प्रसिद्ध होती. आम्ही तिला कंटाळलोही होतो.

फौजी माणसं युद्धाबद्दल बोलत नाहीत असं म्हणतात. साताऱ्यात तरी मला ते खरं वाटलं नाही. ती भरपूर बोलतात. एवढंच, की नदीच्या अलीकडचं बोलतात. हेलरनं साडेचारशे पानं खेचराची आणि बुटाची गोष्ट सांगितली आणि शेवटी नदी ओलांडली. पहिल्या वाचनात मी बाकावर बसलेल्या माणसासारखी कंटाळले, हे त्या पुस्तकाच्या बांधणीला धरूनच होतं.

काउंटरच्या आतल्या बाजूला बसणाऱ्यांसाठी मात्र या कादंबरीत एक खास प्रकरण आहे. डॉक्टर डनीका. त्याला विमानात बसायची भीती, पण उड्डाणाचा भत्ता हवा. म्हणून तो न चढताही आपलं नाव यादीत लावून घेतो. एके दिवशी ते विमान डोंगरावर आदळतं. यादीत नाव आहे, म्हणजे डॉक्टर मेला. तो तिथेच उभा राहून मी जिवंत आहे म्हणून सांगतोय आणि सार्जंट त्याच्या मृत्यूची नोंद करतोय. त्याचं रेशन बंद, पगार बंद. घरी बायकोला छापील पत्र जातं: आपले पती, पुत्र, पिता किंवा बंधू ठार, जखमी किंवा बेपत्ता झाल्याचं कर्नलसाहेबांना व्यक्तिशः दुःख होत आहे. लागू नसेल ते खोडायचीही तसदी कुणी घेतलेली नाही. बाई आधी रडते, मग विम्याचे आणि पेन्शनचे पैसे यायला लागतात, आणि ती मुलांना घेऊन दुसऱ्या गावी राहायला जाते. नवा पत्ता ठेवत नाही.

अमेरिकन वाचकाला हा अतिशयोक्त विनोद वाटत असेल. ज्यांनी बँकेत नोव्हेंबर महिना काढलाय त्यांना वाटणार नाही. हयातीचा दाखला दिला नाही तर पेन्शन थांबते. माणूस समोर उभा आहे, गेली वीस वर्षं आपण त्याला ओळखतो, तरी कागद लागतोच. आता अंगठ्याच्या ठशावर ‘जीवन प्रमाण’ निघतं. शेतात झिजलेला अंगठा यंत्राला पटला नाही, तर अंगठेवाला पुन्हा खटपट करतो. उत्तर प्रदेशात आझमगड जिल्ह्यातले लाल बिहारी महसुली दप्तरात मेलेले निघाले, जमीन नातेवाइकांच्या नावावर चढली, आणि कागदावर जिवंत व्हायला त्यांना १९९४ उजाडलं. त्यांनी नावापुढे ‘मृतक’ लावलं आणि अशाच मेलेल्यांचा संघ काढला. हेलरला हे कळलं असतं तर त्यानं डनीकाला आझमगडला पाठवलं असतं.

कलम बावीसचं खरं रूप रोममधल्या प्रकरणात आहे. शिपायांनी एका घरातल्या सगळ्या मुलींना हाकलून दिलंय. मागे राहिलेली म्हातारी सांगते की त्यांच्याकडे कलम बावीस होतं, त्यामुळे त्यांना काहीही करता येतं. तू वाचायला मागितलंस का, असं योसारियन विचारतो. तर दाखवायची गरज नाही, असंच त्या कलमात लिहिलंय म्हणे. तेव्हा त्याला पटतं की असं कलम मुळात नाहीच. सगळे ते आहे असं धरून चालतात, आणि म्हणून ते फाडताही येत नाही. “वरून आदेश आहे” हे वाक्य आपल्याकडे कुणी कधी कागदावर पाहिलंय?

इतकं असूनही सगळं काही माफ होत नाही. या पुस्तकात बाया नाहीत. बायांची शरीरं आहेत. एकीला तर शेवटपर्यंत नावच नाही. ती तळावरच्या नेटली नावाच्या पोराची वेश्या म्हणूनच वावरते आणि सुरी घेऊन योसारियनच्या मागे लागते, आणि तेही गंमत म्हणून. नर्स असो, जनरलसोबत वावरणारी मुलगी असो, लेखकाची नजर गळ्याच्या वर जात नाही. ‘त्या काळी असंच लिहीत’ हे उत्तर मला पुरत नाही. त्या काळी वेगळं लिहिणारेही होते. एकच जागा अशी आहे की हेलरलाही ते खुपलं असावं असं वाटतं. रोममध्ये मिकेला नावाची साधी मोलकरीण आहे. अधिकारी आर्फी तिच्यावर बलात्कार करून तिला खिडकीतून खाली फेकतो. पोलीस धडधडत जिना चढून येतात आणि पास नसताना रोममध्ये आल्याबद्दल योसारियनला पकडतात. आर्फीची माफी मागतात. ही दोन पानं लिहिणाऱ्याला बाकीच्या पानांत काय झालं होतं, कळत नाही. मायलोचा व्यापारही लांबतो. माल्टात सात सेंटला अंडं घेऊन पाचला विकून नफा कमावायची युक्ती झकास आहे. तो जर्मनांशी करार करून स्वतःच्याच तळावर बाँब टाकतो तेही ठीक. पण मधली बंदरं आणि बाजार मी दुसऱ्या वेळीही चाळून पुढे गेले.

मोठा प्रश्न मात्र वेगळा आहे आणि तो माणगावचा आहे. समोर हिटलर होता. योसारियन शेवटी पळून जायचं ठरवतो तेव्हा मेजर डॅन्बी त्याला नेमकं हेच ऐकवतो. योसारियनचं म्हणणं असं, की मी सत्तर मिशनं केलीत, मला देशासाठी लढायला शिकवू नका. देशावरचं संकट टळलंय, माझ्यावरचं टळलेलं नाही. तो भित्रा नाही. फेरारा इथल्या पुलावर पहिल्या फेरीत नेम साधला नाही म्हणून तो विमानं दुसऱ्यांदा फिरवून नेतो. पूल पडतो, पण एक विमान आणि त्यातली माणसं जातात. वरिष्ठांना कळेना की याला शिक्षा करावी की काय करावं. शेवटी लाज झाकायला त्याला पदक आणि बढती देतात.

फेराराचा तो पूल पो नदीवरचा. खाली लढणाऱ्यांसाठी तो पडणं म्हणजे समोरून येणाऱ्या गोळ्या कमी होणं. त्या हिशेबात योसारियनची दुसरी फेरी चूक म्हणता येत नाही, आणि मेलेल्या पोरांसमोर बरोबरही म्हणता येत नाही. घाडगे टायबरच्या खोऱ्यात बंदूक उलटी धरून धावले तेव्हा त्यांना मिशनांचा आकडा वाढवणारा कर्नल दिसत नव्हता. समोर मशिनगन होती आणि मागे पडलेली आपली माणसं. शिवाय ते ज्या साम्राज्यासाठी लढत होते ते त्यांचं नव्हतंच. ही मेख हेलरला ठाऊक नव्हती आणि मराठीत तिच्यावर कुणी अशी कादंबरी लिहिल्याचं माझ्या पाहण्यात नाही. मला हेलरचं म्हणणं पटतं ते एवढ्यापुरतं, की सत्तराव्या मिशनला माणसाला घरी जाऊ द्यावं. पहिल्या मिशनला नाही म्हणायचा हक्क योसारियन मागत नाही, आणि त्याच्या पुस्तकानं तो सिद्धही होत नाही. या कादंबरीला सरसकट युद्धविरोधी म्हणून मिरवणारे हे नजरेआड करतात. तिचा राग युद्धापेक्षा आकडा वाढवणाऱ्यांवर जास्त आहे. तो राग मला मान्य आहे.

१९७० साली माइक निकोल्सनं या कादंबरीवर सिनेमा काढला, २०१९ मध्ये मालिकाही आली. दोन्हींवर भागवू नये. ते गोल गोल जाणं पडद्यावर पुरतं येत नाही.

‘कॅच-२२’ अर्धवट सोडलेली तुमच्याकडे असेल, तर सुरुवातीपासून पुन्हा झगडत बसू नका. एकोणचाळिसावं आणि एक्केचाळिसावं प्रकरण आधी वाचा, मग पहिल्या पानावर या. रहस्य फुटेल, पण हे रहस्याचं पुस्तक नाही. मायलोची बंदरं गाळा. बायांची वर्णनं येतील तिथे चिडा, चिडायलाच हवं. मला ही कादंबरी अजूनही आवडत नाही. मोठी आहे, एवढं मात्र आता म्हणेन. आणि गोव्याला जाताना माणगावला गाडी अडकलीच, तर हॉर्न वाजवत बसण्यापेक्षा उतरून तो पुतळा बघून या.